हत्तीचं फूल

आमच्या घरी सकाळी पहिलं फूल हत्तीला असतं आणि दुसरं बुद्धाला. दोन्ही फुलं एकाच मूर्तीसमोर ठेवायची, त्यामुळे नव्या माणसाला काही कळत नाही. धाकटी मुलगी शाळेत होती तेव्हा तिनं वर्गात सांगून टाकलं, "हमारे घर में हाथी है." दुपारी तिच्या मैत्रिणी हत्ती बघायला आल्या. मी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि त्यातली एक म्हणाली, "आंटी, इसकी सूंड कहाँ है?"

मला उत्तर देता आलं नाही. माणसांपुढे मला लवकर बोलता येत नाही, लहानपणापासूनच. मी मुलींना मुरमुरे दिले आणि त्या गेल्या. उत्तर मात्र होतं. ते इथं लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखनाचं काही सांगता येत नाही.

मूर्ती वितीहून थोडी लहान आहे, हस्तिदंताची. बुद्ध मांडी घालून बसला आहे. डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेली. रंग जुन्या लोण्यासारखा, पाठीकडे जास्त पिवळा. खांद्यापासून खाली केसाएवढ्या बारीक भेगा आहेत. हातात घेतली तर आधी गार लागते, मग लगेच आपल्या हाताची ऊब धरते. आणि ती सरळ बसत नाही. कुठंही ठेवा, डाव्या अंगाला थोडी कलते, जसं बसल्या बसल्या कुणाचं तरी बोलणं ऐकते आहे.

ही मूर्ती माझ्या वडिलांनी आणली. आम्ही त्यांना बा म्हणायचो. मोठ्या लढाईत ते बर्मात होते. बंदूक त्यांच्याकडे नव्हती, जखमी माणसं डोलीतून उचलून न्यायचं काम होतं. परत आल्यावर गोंदियाला रेल्वेत गँगमन झाले. मूर्ती कोणाची हे त्यांना माहीत नव्हतं. मायलाही नव्हतं. माय तिला 'बर्माचा देव' म्हणायची आणि घरातल्या बाकीच्या देवांबरोबर रोज कुंकू लावायची.

दीक्षेच्या साली मी लहान होते, पण एक दिवस आठवतो. नागपूरहून लोक परत आले होते, पांढऱ्या कपड्यांत. घराघरांतले देव फडक्यात बांधून तलावाकडे नेत होते. आमचंही गाठोडं बांधलं. एवढ्यात काकांनी नागपूरहून आणलेला बुद्धाचा फोटो उलगडला. बानं गाठोडं सोडलं, बर्माचा देव बाहेर काढला आणि फोटोशेजारी धरला. सगळे पाहत राहिले. बा म्हणाले, "हा तर आधीपासून आपल्याच घरात बसून व्हता." आणि माय म्हणाली, "मंग मी इतके दिवस कोणाले कुकू लावत व्हती?" सगळे हसले. मायही हसली. नंतर तिनं मूर्ती राखेनं घासली, धुतली, पुसली. पण डाव्या कानाच्या मागं, केसांच्या कुरळ्या गाठींखाली, एक बारीक लाल रेघ राहिली. हस्तिदंत रंग पितो, सोडत नाही.

माय माझ्या लग्नाआधीच गेली. लग्न होऊन मी भिलाईला निघाले तेव्हा बानं ती मूर्ती एका नव्या टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "तुह्या मायनं रोज पुसली हाय. तू पुसजो."

तेव्हा सासरचं घर कॅम्प-१ मध्ये होतं. दोन खोल्या, पुढं टिनाचं छप्पर. सासू, मालक आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. पहिल्या दिवशी बायका जमल्या होत्या, माझं सामान पाहत होत्या. आत्यांनी टॉवेल उलगडला.

"काय हाय हे?"

मी हळूच सांगितलं, "हत्तीच्या दाताचा बुद्ध."

आत्यांनी हात झटकन मागं घेतला, तव्याला लागल्यासारखा. मूर्ती माझ्या ओटीत पडली.

"दात म्हंजे हाडच. माह्या घरात हाड नाही येत."

एक शेजारीण म्हणाली, "अवं, बुद्ध हाय तो."

"बुद्ध असंल. हाड हाय का नाही?"

आत्या मला टाकून काही बोलल्या असं नाही. उलट स्वतःची टिनाची पेटी रिकामी करून दिली, म्हणाल्या, "यात ठेव. पेटी तुही. पण फळीवर नको." मी मूर्ती पेटीत ठेवली, वर लग्नाचं लुगडं, त्यात डांबराच्या गोळ्या. फळीवर दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि एक ज्यांनी आम्हाला माणसात आणलं त्यांचा. मालक आईपुढे कधी बोलत नसत. पुढच्या वेळी नागपूरला गेले तेव्हा त्यांनी पांढरी प्लास्टरची मूर्ती आणली आणि ती फळीवर ठेवली. तिचं नाक पहिल्याच उन्हाळ्यात उडालं.

आत्यांच्या घरात खरंच हाड येत नसे. मटण आणायचं तर बिनहाडाचं. कॅम्पच्या बाजारातला खाटीक त्यांना दुरून पाहूनच हात जोडायचा. "अम्मा, बिना हड्डी का बकरा कहाँ से लाऊँ? खड़ा कैसे रहेगा?" आत्या म्हणायच्या, "तू खडा है ना? जबान में हड्डी है क्या?" सगळा बाजार हसायचा आणि तो मुकाट्यानं मांस सोडवून द्यायचा. शिंगाचा कंगवासुद्धा त्यांनी घरात येऊ दिला नाही. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट आहे. कारण कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती.

पुढे आम्हाला सेक्टर दहाकडे प्लांटचं, म्हणजे पोलाद कारखान्याचं, क्वार्टर मिळालं. मागं थोडी जागा होती, तिथं मी चांदणी आणि कण्हेर लावली. फळी आली, फोटो आले, नकटी मूर्ती आली. पेटी पलंगाखाली गेली. वर्षातून एकदा ऊन दाखवायच्या निमित्तानं मी मूर्ती काढायचे, पुसायचे. कानामागची रेघ पाहायचे आणि परत ठेवायचे. मायचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

मग बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुर्गला डोळ्यांचं शिबिर होतं. मालकांनी स्वतःहून पत्र टाकून त्यांना बोलावलं. ऑपरेशन करून महिनाभर आमच्याकडेच राहायचं ठरलं. मला आनंद झाला आणि त्याच दिवशी पलंगाखालची पेटी आठवली. बा लग्नानंतर आमच्या घरी राहायला कधी आले नव्हते. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा जड वाटणारा तो माणूस. आता ते येतील, मूर्ती विचारतील. फळीवर नसेल तर त्यांना वाटेल, पोरीबरोबर दिलेली वस्तू इथं कोणाला नको होती. आणि मी ती गुपचूप फळीवर ठेवावी तर आत्या. त्या घरात त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. दोघांपैकी एकाचा मान जाणार होता आणि मधे मी होते.

बा आले ते ऑपरेशन होऊनच. मालकांनी हाताला धरून रिक्षातून उतरवलं. एका डोळ्याला पट्टी, वर हिरव्या कापडाची झापड, दुसऱ्या डोळ्यानं तर आधीपासूनच धुरकट दिसायचं. आत्यांनी दारातच विचारलं, "इवाई, ओळखलं का मले?"

"आवाजानं ओळखलं ईनबाई. चेहऱ्याचं पट्टी निघाल्यावर पाहू."

"तवा नका पाहू. आता उतार लागला."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. दोघं एकमेकांशी अशी थट्टा करत, पण मर्यादेनं. बांची खाट व्हरांड्यात टाकली. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जोरानं खोकायचं नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे ते दिवसभर उताणे पडून असायचे किंवा भिंतीला टेकून बसायचे. आत्या समोर सुपात तांदूळ निवडत बसायच्या. बोलून बोलून दोघांची दुपार जायची. मी आतून ऐकायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बानं मला हाक मारली. "पोरी, मूर्ती दे वं हातात. दिसत नाही तर चाचपून पाहतो."

आत्यांच्या सुपाचा आवाज थांबला. मी आत गेले, पेटी ओढली. जाड लुगड्याच्या घडीतून मूर्ती काढली. पुसायचंही सुचलं नाही. तशीच आणून त्यांच्या ओंजळीत दिली.

बानं अंगठ्यानं तिचं तोंड चाचपलं, खांदे, मांडी, जमिनीला टेकलेली बोटं. मग ती नाकाजवळ नेली. थोडा वेळ तशीच धरली.

"डांबरगोळीचा वास येऊन राहिला," ते म्हणाले.

एवढंच. रागानं नाही. मला मात्र जमिनीत जावंसं वाटलं. आत्याच बोलल्या.

"तिले काही म्हणू नका इवाई. पेटीत म्याच ठेवाले लावली."

"कावून ईनबाई?"

"हाड हाय म्हणून."

"हाड नव्हे. दात हाय."

"बरं, दात हाय. हत्तीच्या तोंडात व्हता तवा हत्ती जिवंत व्हता का नाही?"

"व्हता."

"काढला तवा?"

बानं मूर्तीच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"मेला ना? मंग दात काय अन् हाड काय. मेलेल्या जनावराच्या अंगातून काढलेलंच. आपण रोज पहिलं शील काय म्हणतो? जीव घेणार नाही म्हणतो. अन् ज्याच्यासमोर म्हणतो तो मेलेल्या हत्तीच्या दातात बसलेला. हे मले नाही जमत."

पलीकडच्या क्वार्टरमध्ये कोणी तरी मसाला कुटत होतं. मग आत्या सूप बाजूला ठेवून सांगू लागल्या. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांच्या माहेरच्या गावात मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांकडे होतं, हे सगळीकडेच होतं. पण त्यांच्या बापाकडे हाडं वेचायचंही काम होतं. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा. गिधाडं उठली की लहान पोरींना टोपली देऊन पाठवायचे. हाडं गोळा करायची, वाळवायची, डोक्यावरून स्टेशनाकडे न्यायची. तिथं ठेकेदार मालगाडीच्या वाघिणीत भरायचा. कुठं तरी हाडांचा कारखाना होता, तिथं त्यांची भुकटी व्हायची. "डोक्शावरून पाणी गळाचं," आत्या म्हणाल्या. "हाडातलं पाणी. पावसाचं नाही. माह्या केसाले सहा-सहा महिने वास राहे. लग्नात हळद लावली तरी त्या हळदीले वास येत व्हता."

दीक्षा घेतली आणि त्यांच्या सासरच्या लोकांनी गावाला सांगितलं की आता आम्ही ढोर ओढणार नाही, हाडाला हात लावणार नाही. पाटलाचा बैल मेला तो तसाच पडून राहिला. गावानं मग दुकान बंद केलं, विहीर बंद केली, काम बंद केलं. त्याच सुमारास कोणी सांगितलं की भिलाईला लोखंडाचा मोठा कारखाना बांधून राहिले, माणसं पाहिजेत. आत्या नवऱ्याबरोबर, बोटाला धरून माझे मालक, अशा आल्या. रेजा म्हणून लागल्या. इकडं मजूर बाईला रेजा म्हणतात.

"इथंबी टोपलंच व्हतं डोक्शावर," आत्या म्हणाल्या. "पण माती व्हती त्यात. मातीले वास नाही येत. पह्यल्या दिवशी टोपलं रिकामं केलं अन् हाताचा वास घेऊन पाह्यला. रडली मी."

मग म्हणाल्या, "म्हणून हाड नको म्हणतो. बुद्धावर राग नाही माहा."

मी दाराआड उभी होते. खाटकाला दिलेली उत्तरं, शिंगाचा कंगवा, सगळं मला एकदम कळलं. आणि आता मूर्तीसाठी काही बोलायची जागा माझ्याकडे उरली नाही, असंही वाटलं. त्यांचं खरं होतं.

बानं मूर्ती छातीवर ठेवली होती. वर पट्टी आणि हिरवी झापड, त्यामुळे चेहरा समजत नव्हता. म्हणाले, "मीबी उचलतच व्हतो ईनबाई. तुमी ढोरं, मी माणसं. काही जिवंत पोचत, काही रस्त्यातच जात. डोली हलकी होत नाही, पण समजते."

मग त्यांनी मूर्ती कशी मिळाली ते सांगितलं. एका गावातून पलटण माघारी येत होती. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा आपल्या बायकोला पाठीवर घेऊन बसला होता. तिचा पाय गेलेला. हुकूम फक्त शिपाई उचलायचा होता. बा आणि त्यांच्या जोडीदारानं तिला डोलीत घातलं आणि डॉक्टरच्या तंबूपर्यंत नेलं. म्हातारा हस्तिदंत कोरणारा होता. तुटकी हिंदुस्थानी बोलायचा. इंग्रज साहेबांसाठी चाकूच्या मुठी, कागद कापायच्या सुऱ्या, मडमांसाठी पेट्या, असं आयुष्यभर कोरलं म्हणाला. त्यातून हे एकच घरासाठी कोरलं होतं. तंबूपाशी त्यानं ते बांच्या खिशात घातलं आणि काढू दिलं नाही.

"मी त्याले इचारलं, कायचं हाय? त्यानं हत्ती सांगितला. मंग असं केलं." बानं मूर्ती पोटावर ठेवली, एका हाताचं नख दुसऱ्या हातानं दाखवलं आणि तळहात करवतीसारखा मागं-पुढं केला. "तिकडं जंगलात लाकडं ओढाले हत्ती असतात. त्याहिचे दात लई वाढले का टोकं कापतात म्हणे, आपण नखं कापतो तसं. हत्ती मरत नाही. उद्या पुन्हा लाकडं ओढते. मले वाटते, त्यानं तेच सांगितलं. हे टोकच असंल. पाहा ना, वाकडं हाय."

"सगळेच दात वाकडे असतात हत्तीचे," आत्या म्हणाल्या.

"ते बी खरं."

"म्हंजे हा हत्ती जिवंत व्हता का मेला, तुमाले ठाऊक नाही."

"नाही ठाऊक ईनबाई. त्यानं नख दाखवलं. मले जे समजलं ते समजलं. चुकलंबी असंल. मी तुमाले खोटं सांगून मूर्ती फळीवर नाही बसवणार." आणि मग माझ्या दिशेनं म्हणाले, "जातानी मी घेऊन जाईन बेटा. हे घर ईनबाईचं हाय. त्याहिनं लई सोसून उभं केलं."

मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार.

त्यानंतर मूर्ती पेटीत गेली नाही आणि फळीवरही नाही. बांच्या उशाशी राहिली. त्या दिवसांत आत्या कमी बोलायच्या. तांदूळ निवडताना मधेच खाटेकडे पाहत बसायच्या. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्या बांना विचारत होत्या, "हत्ती मेला तर तिकडं लोकं काय करतात?"

"पुरतात म्हणे."

"फूल-गिल वाहतात का?"

"ते नाही पाह्यलं मी."

दुसऱ्या एका दिवशी मला म्हणाल्या, "आमी किती हाडं वेचली अवं. बैल, गाई, म्हशी. जनमभर राबलेली ढोरं. एकावरबी कोणी फूल नाही टाकलं. आमाले वास येत व्हता, आमी नाक दाबून धावत जात व्हतो." मी ऐकून घेतलं. त्यांना माझ्याकडून उत्तर नकोच असायचं.

पट्टी निघाली. चष्मा मिळाला, भिंगासारखा जाड. बानं पहिल्यांदा मला पाहिलं, मग नातवंडांना, मग आत्यांना.

"आता पाह्यलं. उतार-बितार काही नाही."

"चष्मा वापस करा," आत्या म्हणाल्या. "खराब निघाला."

जायचा दिवस आला. गोंदियाची पॅसेंजर दुपारची होती. मी भाकरी बांधल्या, त्यांची पिशवी भरली. मूर्तीसाठी तोच जुना टॉवेल धुऊन वाळवून ठेवला होता. टॉवेलची घडी मी दोनदा मोडून पुन्हा घातली. मला माहीत होतं की ती गेली म्हणजे परत येणार नाही. बा थकले होते, भाऊ नव्हता, गोंदियाची खोली रेल्वेची होती. आणि कानामागची ती रेघही जाणार होती. पण बानं शब्द दिला होता आणि आत्यांचं कारण मी ऐकलं होतं. मी खाटेजवळ गेले.

उशाशी मूर्ती नव्हती.

आत्या मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर पाण्यानं भरलेली परात. मूर्ती त्यांच्या हातात होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. आता दोन्ही हातांनी धरून त्या तिला उलटसुलट करून पाहत होत्या.

"जड हाय," मला म्हणाल्या. "एवढीशी, पण जड हाय."

त्यांनी ती पाण्यात बुडवली, पदरानं चोळली. मग कानामागं पाहिलं आणि अंगठ्याचं नख लावून खरवडू लागल्या.

"प्लांटची धूळ बसली पाह. पेटीतबी गेली मेली."

इथं प्लांटची लाल धूळ सगळीकडे बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पानांवर, खिडकीच्या गजांवर. रोज पुसा, रोज बसते. त्यामुळे लाल दिसलं की आम्ही ते पुसतोच. आत्यांनी नख ओलं केलं आणि पुन्हा लावलं.

मी गप्प राहिले असते तर ती रेघ गेली असती, किंवा निदान फिकी झाली असती. बोलले असते तर कुंकवाचं नाव घ्यावं लागलं असतं. बुद्धाला कुंकू, आणि तेही आत्यांसमोर. ज्यांनी हाड म्हणून मूर्ती दूर ठेवली, त्या कुंकू ऐकून काय करतील ते मला माहीत नव्हतं. मूर्ती हातातून खाली ठेवतील आणि परत उचलणारच नाहीत, असंही झालं असतं. मी उभी राहिले. त्यांचं नख हलत होतं.

"धूळ नाही आत्या," मी म्हणाले. "मायचं कुकू आहे ते."

आत्यांनी वर पाहिलं. मी इतकं मोठ्यानं कधी बोललेच नव्हते बहुतेक. आतून बा दारात येऊन उभे राहिले होते.

"कुकू?"

"दीक्षेच्या आधीचं. तिले ठाऊक नव्हतं हा कोण आहे ते. देव समजून लावे. मंग घासलं तिनं, पण तेवढं नाही निघालं. तिचं माह्याजवळ दुसरं काही नाही."

आत्यांनी पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. नख काढून घेतलं. रेघेवर थोडं पाणी होतं, ते पदराच्या टोकानं टिपलं, घासलं नाही.

"तुह्या मायलेबी ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "अन् इवायालेबी ठाऊक नाही. जाऊ दे." मग बांना म्हणाल्या, "तुमी काय पाहून राहिले? पिशवी भरली का? यात जागा नका ठेवू. हा नाही येत तुमच्यासंगं."

भिंगाच्या चष्म्यामागं त्यांचे डोळे खूप मोठे दिसत होते.

आत्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. फळीजवळ गेल्या, नकटी प्लास्टरची मूर्ती उचलून माझ्या हातात दिली, आणि दोन फोटोंच्या मधे ही ठेवली. मूर्ती डावीकडे कलली. आत्यांनी सरळ केली. पुन्हा कलली. त्यांनी खाली काडेपेटीची काडी लावून पाहिली.

"हा वाकडा कावून बसते?"

"दात वाकडा व्हता ईनबाई," बा म्हणाले.

"मंग बसू दे," आत्या म्हणाल्या आणि काडी काढून घेतली.

मला म्हणाल्या, "फूल आण." मी मागून चांदणीचं एक फूल तोडून आणलं आणि मूर्तीच्या मांडीपुढं ठेवायला गेले. आत्यांनी माझा हात धरला आणि थोडा खाली नेला, बुद्धाची बोटं जिथं जमिनीला टेकतात तिथं, आसनाच्या काठाशी.

"हे हत्तीचं," त्या म्हणाल्या. "मेला असो का जिता. आधी त्याचं. आता बुद्धासाठी दुसरं आण."

मी दुसरं आणायला मागं गेले. रिक्षावाला बाहेरून घंटी वाजवत होता आणि आतून बा त्याला ओरडून सांगत होते, "रुको भैया, फूल ला रही है."